आजोबांचा हत्ती आणि आमच्या फातिमा

आम्ही राहतो आरोंद्याला, तेरेखोल खाडीच्या काठावर, आणि शिकवतो सावंतवाडी तालुक्यातल्याच एका उर्दू माध्यमाच्या शाळेत. आमच्या हजेरीपटावर दरवर्षी दोन-तीन तरी फातिमा असतातच. कुणी नुसती फातिमा, कुणी फातमा, कुणी कनीज फातिमा. एकीला हाक मारली की दोघी उभ्या राहतात. काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी मुलींचे एक भाषण बसवायचे होते, तेव्हा या नावावरूनच आम्हाला विषय सुचला. 'फातिमा नावाच्या थोर स्त्रिया' असे पाच मिनिटांचे भाषण, आणि ते करणारी मुलगीही दहावीतली फातिमाच.

एका रविवारी बसून आम्ही ते लिहून काढले. प्रेषितांच्या कन्या, मोरोक्कोतले विद्यापीठ स्थापणारी, पुण्यातली पहिली मुस्लिम शिक्षिका, पहिली स्त्री चित्रपट-दिग्दर्शक, सर्वोच्च न्यायालयातली पहिली स्त्री न्यायाधीश. प्रत्येकीला दोन वाक्ये आणि चार विशेषणे. पहिल्या तालमीला फातिमा शेख हे नाव ऐकून एका मुलीने विचारले, "टीचर, 'दंगल'मधली का?" सगळ्या हसल्या. भाषण करणारी मात्र हसली नाही. तिने विचारले, "टीचर, या फातिमा शेख यांनी स्वतः लिहिलेलं काही आहे का? मला शेवटी तेच म्हणायचं आहे." आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही तिला शेवटी म्हणायला एक शेर लिहून दिला. भाषण उत्तम झाले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, बक्षीसही मिळाले.

त्या मुलीचा प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही. आपल्या समाजात सीरतचे जलसे होतात, शाळांची संमेलने होतात, ९ जानेवारीला पत्रके निघतात. सर्वत्र अशा याद्या वाचल्या जातात. आम्हीही त्या लिहिणाऱ्यांपैकीच आहोत. म्हणून दुसऱ्या कुणावर टीका करण्याआधी आमच्याच त्या पाच मिनिटांच्या भाषणाची समीक्षा करावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

एक नाव, दोन तीर

फातिमा या शब्दाचे मूळ अरबीतल्या 'फ-त-म' या धातूत आहे. अंगावरचे दूध सोडवणे असा त्याचा अर्थ. म्हणजे नाव अगदी घरातले, आईच्या मांडीवरचे. ते जगभर पसरले ते हजरत फातिमा (रजि.) यांच्यामुळे. अरबी व्यापाऱ्यांची गलबते कोकणच्या बंदरांना लागत होती, सूफी दख्खनमध्ये उतरले, आणि हे नाव आपल्या घरात आले. मराठी घरात त्याचे फातमाबी झाले आणि मलबारात पात्तुम्मा.

आरोंद्यात राहणाऱ्याला या नावाची आणखी एक गंमत दिसते. खाडीपलीकडे गोव्याचा पेडणे तालुका. पूर्वी फेरीने जावे लागे, आता किरणपाणी-आरोंदा पूल आहे. पूल ओलांडून गोव्यात गेले की फातिमा नावाच्या ख्रिस्ती बायका भेटतात. हे नाव त्यांच्याकडे आले ते पोर्तुगालमधून. तिथल्या फातिमा या गावाजवळ १९१७ साली तीन मेंढपाळ मुलांना मेरीमातेचे दर्शन झाले अशी कॅथलिक श्रद्धा आहे, आणि त्या गावाच्या नावाने मेरीमातेला 'फातिमाची माता' म्हणतात. पोर्तुगालवर काही शतके मुसलमानांचे राज्य होते. गावाला नाव एका मूर राजकन्येवरून पडले अशी दंतकथा तिथे सांगतात. एकच नाव अरबस्तानातून निघाले. एका वाटेने ते थेट कोकणच्या बंदरात उतरले आणि दुसऱ्या वाटेने युरोप फिरून पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आले. आज ते खाडीच्या दोन्ही काठांवर नांदते. म्हणून नुसत्या नावावर हक्क सांगून काही सिद्ध होत नाही. नाव धारण करणारीने काय केले आणि ते आपल्यापर्यंत कुणी पोहोचवले, हे पाहावे लागते.

जात्यावरचे हात

हजरत फातिमांविषयी आम्ही भाषणात लिहिले होते : 'जन्नतच्या स्त्रियांच्या सरदार, हजरत अलींच्या पत्नी, हसन-हुसैनच्या आई.' सगळे खरे आणि सगळे आदराचे. पण यात कन्या, पत्नी, आई एवढीच ओळख आली. त्यांचे हात कुठे आले?

हदीसच्या ग्रंथांत त्यांच्या हातांची गोष्ट आहे. जाते ओढून त्यांच्या हातांना घट्टे पडले होते. घरकामाला मदतनीस मिळावा म्हणून त्या वडिलांकडे गेल्या. ते भेटले नाहीत, तेव्हा हजरत आयेशांपाशी निरोप ठेवून परतल्या. रात्री प्रेषित (स.) स्वतः त्यांच्या घरी आले आणि झोपण्यापूर्वी म्हणायची तसबीह त्यांनी शिकवली. सुब्हानल्लाह ३३ वेळा, अल्हम्दुलिल्लाह ३३ वेळा, अल्लाहु अकबर ३४ वेळा. आजही ती 'तसबीह-ए-फातिमा' म्हणूनच ओळखली जाते. आपल्या आज्या-नान्या ती रोज बोटांच्या पेरांवर मोजत आल्या.

या गोष्टीवर वाअज करणारे बहुधा सब्र आणि कनाअत यांवर बोलतात. ते योग्यच आहे. आम्हाला त्यात आणखीही एक गोष्ट दिसते. ती स्त्री दमली होती आणि दमल्याचे तिने सांगितले. मदत मागितली. तिचे मागणे नोंदले गेले, पुढच्या पिढ्यांना सांगितले गेले. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत बायकांनी दळताना म्हणायची दखनी गाणी रचली गेली. त्यांना चक्कीनामा म्हणतात. मराठीत जात्यावरच्या ओव्या आहेतच. म्हणजे दळणाऱ्या बाईचे बोलणे ऐकावे ही रीत आपल्याला परकी नाही. मग आमच्या यादीत फक्त नाती आणि पदव्याच का आल्या? घट्टे का आले नाहीत? ही आमची पहिली चूक.

पुरावा आणि पोस्टर

यादीतली दुसरी फातिमा म्हणजे फातिमा अल-फिहरी. कैरवानहून मोरोक्कोतल्या फेझ शहरात आलेल्या कुटुंबातली ही मुलगी. वडिलांकडून आलेली संपत्ती खर्चून तिने इ.स. ८५९ मध्ये करवीयीन मशीद बांधली आणि तिच्याभोवती पुढे जगातले एक सर्वांत जुने विद्यापीठ उभे राहिले, असे परंपरा सांगते. आम्ही भाषणात ते निःशंकपणे लिहिले होते. नंतर वाचताना लक्षात आले की तिची ही हकीकत आपल्याला मिळते ती इब्न अबी जर याच्या चौदाव्या शतकातल्या ग्रंथातून. म्हणजे मध्ये साडेचारशेहून अधिक वर्षे गेली. शिवाय विसाव्या शतकात मशिदीच्या दुरुस्तीच्या वेळी एक कोरीव लेख सापडला. त्यात इद्रिसी घराण्यातल्या दाऊद बिन इद्रिसचे नाव आणि हिजरी २६३, म्हणजे इ.स. ८७७ हे साल आहे. त्यामुळे काही इतिहासकार या कथेकडे साशंकतेने पाहतात. फेझच्या लोकांनी मात्र एक मशीद फातिमेच्या आणि दुसरी तिची बहीण मरियमच्या नावाने शतकानुशतके स्मरणात ठेवली. ही आठवण मोलाची आहे. फक्त आठवणीला आठवण म्हणावे आणि पुराव्याला पुरावा, एवढेच आमचे म्हणणे.

हे इतक्या दूरचे उदाहरण आम्ही घेतले, कारण हाच पेच आता आपल्या पुण्यातल्या फातिमेपाशी येऊन ठेपला आहे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीतल्या एका लेखक-पत्रकाराने जाहीर केले की फातिमा शेख हे पात्र आपणच रचले, अशी कुणी स्त्री इतिहासात नव्हतीच. मोठा गदारोळ झाला. आमच्या ओळखीचे काही जण संतापले, काही गडबडून गेले. एका पालकांनी तर आम्हाला विचारले, "मग तुम्ही मुलांना खोटं शिकवलंत का?"

उत्तर सरळ आहे. सावित्रीबाई फुले यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिले. त्या आजारी होत्या, माहेरी भाऊ त्यांची सेवा करीत होता. त्या पत्रात फातिमेचा उल्लेख आहे. आपण तिकडे नसल्याने तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणारी नाही, अशा अर्थाचे ते लिहिणे आहे. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय'मध्ये ते छापलेले आहे. हा ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली प्रसिद्ध केला. तेव्हा समाजमाध्यमे नव्हती आणि हा वादही नव्हता. फातिमा कुणी आज रचली, या म्हणण्याला त्या एका पत्राने उत्तर मिळते.

पण इथे थांबलो तर आपण अर्धेच खरे बोलू. त्या पत्रात नुसते 'फातिमा' आहे. आडनाव नाही, जन्मतारीख नाही. घर सोडावे लागल्यावर फुले दांपत्याला उस्मान शेख यांनी आसरा दिला आणि फातिमा ही त्यांची बहीण, असे चरित्रकार सांगत आले. ९ जानेवारी ही जन्मतारीख मात्र पुराव्याशिवाय फिरत राहिली. २०२२ साली गूगलने त्याच दिवशी तिचे चित्र झळकवले आणि ती तारीख अधिकच पक्की झाली. आम्हीही तिच्या तोंडी वाक्ये घातली, तिचे करारी डोळे वर्णिले, तिच्यावर किती दगड पडले तेही सांगितले. पुराव्याच्या एका ओळीवर आपण सात मजले चढवले. पुढे कुणी येऊन वरचे मजले हलवले, तेव्हा पायाच नाही असा बोभाटा करणे त्याला सोपे गेले. यात आपलाही दोष आहे.

आणि ती एक ओळ काही कमी आहे का? आम्ही शिक्षक आहोत, म्हणून ती आम्हाला फार मोठी वाटते. मुख्य शिक्षिका रजेवर आहे. तिच्यामागे काम सांभाळणारी दुसरी बाई आहे. रजेवरच्या बाईला खात्री आहे की ती मागे सरणार नाही. बदली शिक्षक न मिळता दोन-दोन वर्ग एकटीने सांभाळणाऱ्या कुणाही शिक्षिकेला हे वाक्य कळेल. दोन स्त्रियांमधला हा विश्वास आहे. एक माळी, दुसरी मुसलमान, आणि साल १८५६. आमच्या भाषणात 'क्रांतिज्योती' होते, 'थोर समाजसुधारक' होते. हा विश्वास मात्र नव्हता.

दुसऱ्यांच्या गोष्टीतल्या फातिमा

इतिहासात पुरावा नसतो म्हणून अडते. कथा-कवितेत तर लेखकाला मोकळीक असते. तिथे फातिमेचे काय झाले?

अल्लाउद्दीनच्या दिव्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. गालाँ या फ्रेंच लेखकाने ती हलबच्या हन्ना दियाबकडून ऐकली आणि १७१२ साली छापली. मुलांच्या पुस्तकांत तिचा शेवटचा भाग बहुधा गाळतात. त्या भागात फातिमा नावाची एक साध्वी येते. डोकेदुखी बरी करणारी म्हणून लोक तिला मानतात. मेलेल्या जादूगाराचा भाऊ तिच्या झोपडीत शिरतो, तिच्याकडूनच तिचा पेहराव आणि बुरखा आपल्या अंगावर चढवून घेतो, मग तिला ठार मारतो आणि तिच्या वेषात राजवाड्यात जातो. लोक त्याच्या पाया पडतात, दुवा मागतात. बुरख्याआड कोण आहे हे कुणी पाहत नाही. आम्ही हा भाग पुन्हा वाचला तेव्हा चपापलो. ज्याला जे म्हणायचे असेल त्याने फातिमेचा पेहराव चढवून म्हणावे, ही रीत किती जुनी आहे! फातिमा शेख यांच्या तोंडी वाक्ये घालणारे आम्ही त्याच रांगेत उभे नव्हतो का?

उर्दू शाळेतल्या कुणालाही इक्बालची 'फातिमा बिन्त अब्दुल्लाह' ही कविता सांगावी लागत नाही. ती 'बांग-ए-दरा'त आहे. १९१२ च्या तराबुलसच्या युद्धात जखमी सैनिकांना पाणी पाजताना मारल्या गेलेल्या अरब मुलीवर ती लिहिलेली आहे. कविता तेजस्वी आहे, याबद्दल वाद नाही. पण तिच्यात बोलतो तो कवी. मुलगी उम्मतची शान होते, राखेतली ठिणगी होते. तिला तहान लागली होती का, भीती वाटली का, तिला मोठेपणी काय व्हायचे होते, हे प्रश्न त्या कवितेचे नाहीत. शोकगीताकडून ती अपेक्षाही नसेल. मात्र दरवर्षी फक्त तेवढीच फातिमा मुलींपुढे ठेवली तर त्या काय शिकतील? मेल्यावरच आपले नाव होते, हे.

अलीकडे आपल्या मुली पाउलो कोएलोची 'द अल्केमिस्ट' वाचतात. मराठीतही ती चांगली खपली. तिच्यातली फातिमा वाळवंटातल्या ओअॅसिसवर विहिरीपाशी नायकाला भेटते. नायक आपले नशीब शोधायला निघून जातो आणि ती वाट पाहत राहते. वाट पाहणे हेच वाळवंटातल्या बाईचे जीवन, असे ती स्वतःच सांगते. तरुण वाचकाला हे काव्यमय वाटते. आमचे कोकण वाट पाहणाऱ्या बायकांचेच आहे. घरातला पुरुष आधी मुंबईला, मग जहाजावर, मग आखातात गेला, आणि बायकांनी चुली सांभाळल्या, पोरांच्या फिया भरल्या, बँकेच्या रांगा धरल्या. वाट पाहण्यात एवढे काम असते, हे त्या कादंबरीकाराच्या गावी नाही. पुरुषाला प्रवास आणि फातिमेला विहीर, अशी ही वाटणी आहे.

हत्ती

या सगळ्या फातिमांनंतर आम्ही वैकोम मुहम्मद बशीर यांच्याकडे वळलो आणि तिथे आम्हाला आमचे उत्तर सापडले. बशीर (१९०८-१९९४) हे मल्याळममधले थोर कथाकार. 'माझ्या आजोबांचा एक हत्ती होता' अशा अर्थाच्या नावाची त्यांची छोटी कादंबरी १९५१ साली आली. आर. ई. अॅशर यांच्या इंग्रजी भाषांतरातून ती आम्ही वाचली. नायिकेचे नाव कुंजुपात्तुम्मा. म्हणजे आपली धाकली फातमा.

तिच्या आईला एकच अभिमान. माझ्या बापाचा हत्ती होता, चांगला दांडगा सुळेवाला. उठता-बसता ती ते सांगते, खडावा वाजवत फिरते. मुलगी दागिन्यांनी मढलेली असते, पण तिला अक्षर येत नाही. मग कोर्टकचेरीत घर जाते, जमीन जाते, आणि कुटुंब एका लहानशा घरात येऊन पडते. आई तरीही हत्ती सोडत नाही. शेजारी एक शिकलेले मुस्लिम कुटुंब येते. त्यातली आयशा कुंजुपात्तुम्माला लिहा-वाचायला शिकवते. आयशाचा भाऊ निसार अहमद याच्याशी पुढे तिचे लग्न होते. आणि अखेरीस गल्लीतली पोरे आईच्या अभिमानाची टर उडवतात. तुमचा हत्ती म्हणजे मातीत खळगा करून राहणारा तो किडा, असे ती ओरडतात. मल्याळममध्ये त्या किड्याच्या नावातच हत्ती आहे. त्यावरचा हा विनोद आहे.

बशीर मुसलमानांवर बाहेरून हसत नाहीत. ते घरात बसून हसतात, म्हणून त्यांचे हसणे लागते आणि बरेही करते. आईला ते दुष्ट ठरवत नाहीत. जिच्याजवळ आता काहीच उरले नाही तिने हत्ती धरून ठेवावा, हे ते समजून घेतात. पण कादंबरीचा कल कुठे आहे याबद्दल शंका राहत नाही. एका बाजूला मेलेला हत्ती आहे आणि दुसऱ्या बाजूला हातात पहिल्यांदा पाटी धरणारी मुलगी. लेखक मुलीच्या बाजूला आहे. आयशा तिला कुठल्याही थोर स्त्रियांची यादी सांगत नाही. एकेक अक्षर शिकवते.

बशीर यांची दुसरी फातिमा 'पात्तुम्माची शेळी' (१९५९) या पुस्तकात आहे. ही त्यांची स्वतःचीच बहीण. गरिबीत शेळी पाळते, तिचे दूध विकून चार पैसे जोडायचा बेत करते. घरातलेच लोक तिला न कळू देता दूध काढून घेतात, आणि शेळी तर लेखकाची छापील पुस्तकेच खाऊन टाकते. वाचताना हसू आवरत नाही. तिच्यापाशी सनद नाही, पदवी नाही. तिच्यापाशी आहे ती एक शेळी आणि एक हिशेब. आमच्या यादीत अशा फातिमेला जागा नव्हती. असायला हवी होती.

कादंबरी मिटली आणि आम्हाला आमचे भाषण आठवले. करवीयीन हा हत्ती होता. आम्ही व्यासपीठावर खडावा वाजवत होतो.

कुणाची तरी कोण

त्यानंतर आम्ही यादी पुन्हा तपासली. एक गोष्ट ठळक दिसली. आपल्या फातिमा बहुधा कुणाच्या तरी कोण म्हणून ओळखल्या जातात.

फातिमा बेगम (१८९२-१९८३) यांनी १९२६ साली मुंबईत स्वतःची कंपनी काढून 'बुलबुल-ए-परिस्तान' हा चित्रपट दिग्दर्शित केला. बाईने रंगभूमीवर यावे की नाही यावर जेव्हा वाद चालत, त्या काळी ही बाई चमत्कृतींनी भरलेला परीकथेचा चित्रपट काढत होती. आज त्याची प्रत उपलब्ध नाही. आणि त्यांची ओळख काय? 'आलम आरा'च्या (१९३१) नायिकेची, जुबेदाची आई.

फातिमा जिना (१८९३-१९६७) दातांच्या डॉक्टर होत्या. कलकत्त्याला शिकल्या आणि १९२३ साली मुंबईत त्यांनी दवाखाना काढला. पुढचे राजकारण बाजूला ठेवू. १९६५ साली पाकिस्तानात लष्करशहा अयुब खान यांच्याविरुद्ध अध्यक्षपदाची निवडणूक लढवणारी ही बाई. पण लोकांनी त्यांना पाहिले ते कायदे-आजमची बहीण म्हणूनच. त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकाचे नावही 'माझा भाऊ' असेच आहे.

एका फातिमेचे तर नावच झाकले गेले. 'मदर इंडिया'मधली (१९५७) राधा साऱ्या देशाला माहीत आहे, नर्गिसही माहीत आहे. तिचे मूळ नाव फातिमा रशीद. यात तिची काही चूक नाही, पडद्यासाठी अनेकांनी नावे बदलली. पण आपण ज्या फातिमेला आई म्हणून डोळे पुसले तिला त्या नावाने ओळखत नव्हतो, हे सांगण्यासारखे आहे.

स्वतःची सही

मग स्वतःच्या सहीने ओळखल्या जाणाऱ्या फातिमा आहेत की नाहीत? आहेत. आमच्या भाषणात त्यांना एकतर जागाच मिळाली नाही किंवा घाईत मिळाली.

न्यायमूर्ती फातिमा बीवी (१९२७-२०२३) केरळमधल्या पत्तनंतिट्टाच्या. सर्वोच्च न्यायालय १९५० साली सुरू झाले आणि तिथे पहिली स्त्री न्यायाधीश बसायला १९८९ साल उजाडले. ३९ वर्षे. ती स्त्री फातिमा होती, हे आम्ही भाषणात सांगितले. न्यायाधीश निकालपत्र लिहिते आणि त्याखाली तिची सही असते, हे सांगितले नाही. कुणाची कन्या, कुणाची बहीण हे तिथे विचारले जात नाही.

फातमा जकेरिया (१९३६-२०२१) यांनी इंग्रजी पत्रकारितेत काम केले, संपादकपद सांभाळले. पुढे औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मौलाना आझाद शिक्षण संस्थेचा भार वाहिला. २००६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

फेझ शहरानेच आणखी एक फातिमा दिली. फातिमा मर्निसी (१९४०-२०१५). समाजशास्त्रज्ञ. १९७५ साली त्यांचे पडदा आणि स्त्री-पुरुष संबंधांवरचे पुस्तक आले. पुढे १९९० साली इस्लामी इतिहासातल्या विसरल्या गेलेल्या राण्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. त्यात आपली रझिया सुलतानही आहे. मर्निसींचे प्रत्येक मत आम्हाला पटते असे नाही. पण त्यांच्याशी वाद घालता येतो, कारण त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत समोर आहे. अल-फिहरीशी वाद घालता येत नाही. तिची फक्त तारीफ करता येते किंवा शंका घेता येते.

आणि चौथी अगदी आमच्या खाडीपलीकडची. फातिमा दा सिल्वा ग्रासियस या गोव्याच्या इतिहासकार. १५१० ते १९६१ या काळातल्या गोव्यातल्या स्त्रियांवर त्यांचे पुस्तक १९९६ साली निघाले. पोर्तुगीज राजवटीत बायकांच्या लग्नाचे, वैधव्याचे, शिक्षणाचे काय झाले, हे त्या जुन्या कागदांतून शोधतात. नाव फातिमा, धर्म वेगळा, आणि काम नेमके तेच, ज्याची आपल्या फातिमांना गरज आहे : विस्मृतीत गेलेल्या बायकांचे कागद शोधणे. कोकणातल्या मुस्लिम स्त्रियांवर अशा मेहनतीचा ग्रंथ आपल्यातली कुणी फातिमा लिहील, तेव्हा पूल खऱ्या अर्थाने दोन्ही बाजूंनी वाहता झाला असे म्हणू.

त्या मुलीचे काय झाले

भाषण करणारी ती मुलगी मार्चमध्ये दहावी पास झाली. गुण चांगले होते. जूनमध्ये आम्ही चौकशी केली, तेव्हा कुठल्याच कॉलेजात तिचे नाव नव्हते. उर्दू माध्यमाची पुढची सोय जवळ नाही, मराठीत जमेल की नाही ही धास्ती, एसटीचा प्रवास, आणि चांगले स्थळ आलेले. घरच्यांचे बोलणे वाईट नव्हते. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि भिंतीवर लावलेले तिचे भाषणाचे प्रशस्तिपत्र मोठ्या अभिमानाने दाखवले. आम्ही ते पाहिले, दोन शब्द समजावून बोललो आणि परतलो. आणखी दोनदा जायला हवे होते. गेलो नाही. 'थोर फातिमा' लिहिण्यासाठी आम्ही एक अख्खा रविवार दिला होता. या फातिमेसाठी एक संध्याकाळ दिली.

या लेखात दोष दिला असेल तर तो प्रथम आम्हाला स्वतःला. घराण्याचा, कौमचा, तारीखचा अभिमान मुलांना द्यावा, हे आम्हालाही मान्य आहे. ज्यांना रोज कुणी ना कुणी कमी लेखते त्या मुलांना आधार लागतो. पण तो आधार पुराव्यावर उभा असावा, आणि त्यातून मुलीच्या हातात काहीतरी यावे. नाहीतर आपल्याकडे प्रशस्तिपत्रे उरतील आणि मुली घरी बसतील.

आमच्या शाळेत आता ९ जानेवारीला भाषण होत नाही. आम्ही सावित्रीबाईंच्या पत्रातला तो प्रसंग सांगतो, जेवढा आहे तेवढाच. मग प्रत्येक मुलीने एक पान लिहायचे. तिच्या घरातली एखादी बाई, आई, नानी, चाची, कुणीही. ती काय काम करते, तिला काय येते, ती कशाने दमते. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, चुकले तरी चालेल. खाली आपले पूर्ण नाव, तारीख आणि सही. ती पाने आम्ही कपाटात एका फायलीत ठेवतो. गेल्या खेपेला एकीने लिहिले की तिची नानी खाडीतल्या तिसऱ्या काढून विकायची आणि पैशांचा हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवायची. ती भिंत आता पाडली आहे. पण पान आमच्याकडे आहे.

त्या दहावीच्या मुलीच्या प्रश्नाला आज आम्ही उत्तर देऊ शकतो. फातिमा शेख यांनी स्वतः लिहिलेले आम्ही तुला दाखवू शकत नाही. त्यांच्याबद्दल एका मैत्रिणीने लिहिलेली एक ओळ आहे, आणि ती खरी आहे. पुढच्या ओळी तू लिहायच्या होत्यास. तिचे सासर फार लांब नाही. येत्या ईदला आम्ही जाणार आहोत, एक कोरी वही आणि मुक्त विद्यापीठाचा प्रवेश अर्ज घेऊन.